पहिली वाफ

अखंड भोपळा बाईमाणसानं फोडायचा नाही. आधी गड्यानं त्याचे दोन तुकडे करून द्यायचे, मग बाईनं चिरायचा, हा वलवणच्या या घरातला जुना नेम होता. म्हणून गेणू सकाळच्या गाडीनं लोणावळ्याला उतरून, तिथून चालत येऊन ओट्यावर टेकतो न टेकतो, तोच घरच्या धाकट्या सुनेनं, शालूनं, त्याच्यापुढं तांबडा भोपळा आणि कोयता आणून ठेवला.

"पाणी तरी पिऊ द्या," गेणू म्हणाला.

"पाणी कुटं पळून चाललंय? भोपळा फुटल्याबगर आमची चूल म्होरं सरकत न्हाई. आमचं मालक अजून रेल्वेच्या शेडातनं यायचं हायेत, आबांचा हात कापतो. मग राहिलं कोण?"

"म्हंजी मी पाव्हणा न्हाई, गडी हाय."

"बहिणीच्या घरी कोण पाव्हणा असतंय?" शालू म्हणाली आणि पाण्याचा तांब्या त्याच्या दुसऱ्या हाताशी ठेवून आत आली.

आत चुलीपुढं बसलेल्या कस्तुरानं, गेणूच्या थोरल्या बहिणीनं, हे सगळं ऐकलं. कोयत्याचा पहिला घाव भोपळ्यात रुतला, दुसऱ्याला भोपळा दुभंगला. आवाजावरून तो चांगला पिकलेला होता. गेणू कशाला आलाय हेही तिला ठाऊक होतं. दसऱ्यालाच त्यानं शिरगावहून निरोप धाडला होता, की नव्याच्या जेवणाला येतो आणि जाताना आक्काला कायमची घेऊन जातो. नवरा हौशीराम जाऊन वर्ष झालं, मूलबाळ नाही, आता तिकडं कुणासाठी राहायचं, असा त्याचा सवाल होता. तो वाईट बोलत नव्हता. धाकटा भाऊ बहिणीसाठी जे करतो तेच करायला आला होता. पण भावाच्या घरी भाकरी मिळते, चूल मिळत नाही, हे कस्तुराला पुरतं माहीत होतं. आणि या घरची चूल गेली चौदा वर्षं तिच्या हातात होती.

ती हातात राहणार की नाही, ते आज ठरायचं होतं.

या घरात नवं करायची एक रीत होती. खालची खाचरं धरणाच्या पाण्यात गेल्यापासून चार वरचीच खाचरं उरली होती. त्यांतल्या सगळ्यांत वरच्या खाचराचं पाणी आधी आटतं, म्हणून तिथला आंबेमोहर बाकीच्यांच्या आधी पिवळा पडतो. दसरा झाला, की त्याच्या चार पेंढ्या कापायच्या, झोडायच्या, उखळात कांडायच्या आणि येणाऱ्या रविवारी, म्हणजे खंडोबाच्या वारी, त्या तांदळाचा भात देवापुढं ठेवायचा. तोवर नव्या तांदळाचा दाणा कुणी तोंडात घालायचा नाही. आणि जिच्या हातचा हा भात, तिच्या हाती वर्षभर चुलीचा कारभार. कणगीत किती हात घालायचा, कुणाच्या ताटात किती वाढायचं, सणाला काय रांधायचं, सगळं तिनं ठरवायचं.

भात करायचीही रीत होती. टोपावर हळदीचं पान झाकायचं, त्यावर झाकण आणि झाकणाच्या कडेला ओल्या तांदळाच्या पिठाचा लेप. एका बाजूला फक्त बोटभर फट ठेवायची. एकदा लेप दिला, की झाकण उघडायचं ते देवापुढंच. पहिली वाफ देवाची. मधे डोकावायचं नाही, शीत दाबून बघायचं नाही, चाखायचा तर प्रश्नच नाही. मग भात झाला हे कळायचं कसं? सासूनं मरायच्या आदल्या वर्षी कस्तुराला शेजारी बसवून शिकवलं होतं. फटीतून आधी नुसत्या पाण्याचा वास येतो, मग पेजेचा, मग भाताचा. भाताचा वास आला, की दहा श्वास मोजायचे आणि टोप उतरायचा.

सासूनं शिकवलेलं कस्तुराला सगळं आठवत होतं. फक्त नाक राहिलं नव्हतं.

गेल्या साली याच दिवसांत मानमोडीचा ताप गावात शिरला. या घरात एकाच वेळी पाच अंथरुणं पडली होती. त्यातून चौघं उठली, हौशीराम उठला नाही. पाऊसही दगा देऊन गेला होता, म्हणून नव्याला दाणाच नव्हता आणि असता तरी करणारं कुणी नव्हतं. बाराव्या दिवशी कस्तुरा कशीबशी चुलीपाशी आली. तिनं मिरचीची फोडणी टाकली, घरभर माणसं खोकायला लागली आणि तिला मात्र काही म्हणता काही झालं नाही. वाटलं, अशक्तपणा आहे, येईल. महिना गेला, होळी गेली. नाक आलं नाही, आणि जिभेवरही गोड, तिखट, कडू सगळं एकच, कोमट पाण्यासारखं. तेव्हापासून ती जेवायची ते औषध गिळल्यासारखं, भराभर. कुणाला सांगितलं नाही. जिच्या हाताला चव म्हणून घरात मान, तिनं सांगायचं तरी काय?

चैत्रात दोनदा भात लागला. त्यानंतर तिनं कान लावायला सुरुवात केली. पाणी भरपूर असलं की टोप खदखदतो. आटत आलं की आवाज जड होतो, चिखलात पाय काढल्यासारखा. आणि शेवटी, पाणी संपतं तेव्हा, अगदी बारीक चुरचुर लागते, वाळक्या पानावरून मुंगळा गेल्यासारखी. ती चुरचुर ऐकायला तिला सहा महिने लागले होते.

तिला एकच धास्ती होती, ती शालूची. धाकटी जाऊ, तोंडानं फटकळ, आणि वर्षभर तिचं लक्ष सारखं कस्तुराच्या भांड्यांवर. "बाई, फोडणी करपायला झाली वाटतं." "बाई, आज दूध नासलंय, पार गोठ्यातल्या म्हशीला कळलं असंल." "मीठ एकदा टाकलंय बरं का आमटीत, मी बगितलंय." उठता बसता असं. कस्तुराला वाटायचं, ही माझी चूक हुडकतेय. एक दिवस सापडेल आणि चूल मागेल.

माजघरात आता बोलणं वाढलं होतं. धोंडाबाई, आबांची बहीण, कालच मळवलीहून आली होती. माहेरी आली की ती उंबऱ्याशीच बसायची, म्हणजे चूल आणि ओटा दोन्हींवर नजर राहते.

"दादा, राग यिऊ दे न्हाईतर नको," ती आबांना म्हणत होती, "पण औंदा नवं शालूच्या हातनं व्हावं. ती सवाष्ण हाय. देवाचं काम हाय."

आबा, म्हणजे कस्तुराचे सासरे अंबाजी, भिंतीला पाठ टेकून दोर वळत होते. त्यांनी हात थांबवला नाही. "तुजी वैनी मरताना चुलीचा डाव थोरलीच्या हातात दिऊन गेली. हौशा गेला म्हनून काय मी तो काढून घिऊ?"

"मी काय माज्या पदरचं बोलते का? गेल्या साली देवाला नवं झालं न्हाई. त्यात काय कमी पडलं, तर पुन्हा घरात..." तिनं पुढचं गिळलं. तिच्याही घरातली दोन माणसं त्या तापानं नेली होती.

"देवाला भात कळतो," आबा म्हणाले. "हात कळत न्हाई."

"मग करू दे. पण एकटीनं. शालूनं मधी हात लावायचा न्हाई. न्हाईतर हे नवं कुणाच्या हातचं, म्हणायचं तरी काय?"

ओट्यावरून गेणूचा आवाज आला, "आक्का, ऐकतीयेस नव्हं? कशापायी हे ऐकून घ्यायचं? चारच्या गाडीला चल माज्यासंगं."

कस्तुरा बाहेर आली. पदर सावरून तिनं भोपळ्याच्या दोन फाका उचलल्या.

"आधी जेव तर," ती म्हणाली. "मग बगू."

"काय बगू?"

"नवं कसं हुतंय ते." आणि मग आबांकडं न बघता, पण त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "एकटी करते मी. आत्याबाईंचं बराबर हाय."

स्वैपाकघरात शालू तवशापाशी बसली होती. तवसं म्हणजे वेलावर राखून पिवळी, हाताएवढी केलेली काकडी. तिचा कीस, गूळ आणि तांदळाचं पीठ मळून घारगे तळायचे, हे नव्याचं गोड. शालूनं तीन तवशी धुऊन ओळीनं मांडून ठेवली होती.

"शालू, तू ऊठ. परसातनं घेवडा काढून आण आणि तितंच बसून निवड."

शालू उठली नाही. "मी हितं बसते की. हात लावत न्हाई. बसून ऱ्हाते नुसती."

"आत्याबाई काय म्हनल्या ऐकलंस नव्हं?"

"त्या दोन दिसांनी मळवलीला जातील. मला हितंच ऱ्हायाचंय." शालूनं तिच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. "बाई, मी बसते. कामं हायेत की मला. वाती वळते."

"काय बगायचंय तुला माज्या टोपात?" कस्तुराचा आवाज तिच्याही नकळत चढला. "वरीसभर बगतीच हायेस. आज एक दिवस नको."

शालूचा चेहरा उतरला, पण तोंड काही बंद झालं नाही. तिनं टोपली उचलली. दारातून वळून म्हणाली, "तवशाचा बुडखा चाखून घ्या. तिन्हींचा. औंदा वेलाला उन्हाचा ताण बसलाय."

"मला शिकवतीस?"

"कुनी शिकवावं तुमाला," शालू पुटपुटली आणि गेली.

कस्तुरानं तवशाचं टोक कापलं, कापल्या जागी घासून फेस काढला आणि टोक जिभेवर ठेवलं. थंडगार. बाकी काही नाही. दुसऱ्याचं ठेवलं, तसंच. तिसऱ्याचं ठेवलं, तसंच. फेस तिन्हींचा निघाला होता, म्हणजे कडवटपणा उतरला असणार, असं तिनं मनाला सांगितलं. मनानं मानलं नाही. परसात शालू होती, एक हाक मारायचा अवकाश. पण हाक मारून म्हणायचं काय? हे चाखून सांग? म्हणजे वर्षभर झाकलेलं आपणच उघडायचं.

तिनं तिन्ही किसली.

त्यानंतर मात्र हात भराभर चालले. किसाला हातानं पिळून पाणी काढलं, गूळ मिसळला, मीठ तीन बोटांच्या चिमटीनं एकदाच टाकून मिठाचं भांडं, तो सट, चुलीच्या उलट्या, डाव्या अंगाला ठेवला, म्हणजे टाकलं हे लक्षात राहावं. असल्या खुणा तिनं वर्षभरात शंभर करून ठेवल्या होत्या. घारगे तळले, भोपळ्याच्या फोडी केल्या. तांदूळ धुतले. नव्या तांदळाच्या अंगातच पाणी असतं, त्याला वरून जुन्यासारखं घालून चालत नाही, नाहीतर खळ होते. तांदळावर बोट उभं धरून एकच पेर पाणी घातलं. हळदीचं पान ठेवलं, झाकण घातलं, लेप दिला.

आणि चुलीपुढं मान वाकडी करून बसली. लाकडं तडतडू नयेत म्हणून तिनं आधीच निखारे करून ठेवले होते. माजघरात धोंडाबाई मोठ्यानं खोकली की तिचा जीव खाली वर व्हायचा. परसात शालू शेंगा मोडत होती, तोही आवाज तिला नको होता. टोप खदखदला. बऱ्याच वेळानं जड झाला. तिनं निखारे मागं ओढले, कान फटीजवळ नेला. वाफेनं गाल भाजला तरी हलली नाही. मग आली ती, वाळक्या पानावरची मुंगळ्याची चाल. तिनं दहा श्वास मोजले आणि टोप उतरवला.

रखमाजी, शालूचा नवरा, लोको शेडातून आला तोवर पानं मांडून झाली होती. त्यानं काळे हात घासून धुतले आणि देवघरापुढं आबांच्या मागं उभा राहिला. धोंडाबाई, गेणू, शालू, सगळी जमली. कस्तुरानं सुरीनं लेप कापला आणि झाकण देवाकडं तोंड करून उघडलं.

वाफ देवाच्या टाकांवर गेली. कस्तुराला फक्त ओलसर ऊब लागली. वास घ्यायच्या ऐवजी ती माणसांची तोंडं बघत राहिली. आबांचे डोळे मिटले. रखमाजीचा खांदा सैल पडला. गेणूनं नकळत मान पुढं केली. शालूनं मात्र भाताकडं पाहिलंच नाही, तिचं लक्ष घारग्यांच्या परातीकडं होतं.

"व्हय," धोंडाबाई हळूच म्हणाली. "भात झाला."

पुरुषमाणसं आणि माहेरवाशीण म्हणून धोंडाबाई पंगतीला बसली. भात वाढला. शीत न् शीत मोकळं, तरी मऊ. गेणूनं दोनदा मागून घेतला. भोपळ्याची भाजी, घेवडा, सगळ्याला हात पुरे पडेनात. रखमाजी म्हणाला, "वैनी, दोन सालांचं जेवण एकदमच जेवून घेतो आज." कस्तुराच्या पाठीतला ताण पहिल्यांदा थोडा ढिला झाला. तिनं घारगे वाढायला घेतले.

गेणूनं पहिला मोडला. चावला, आणि मधेच त्याचा जबडा थांबला. मग खाली मान घालून त्यानं घास पाण्याबरोबर ढकलला. रखमाजीनं अर्धा घारगा पानाच्या कडेला ठेवला. आबा चावत राहिले, सावकाश, एकसारखे.

धोंडाबाईनं हातातला तुकडा खाली ठेवला.

"तवसं कडू हाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, भीती होती. "देवाला कडू दावलं."

कस्तुराच्या हातात परात होती, ती तिला एकाएकी जड झाली.

"घारगं मी केलेत," शालू म्हणाली.

धोंडाबाईनं वर पाहिलं. "तू परसात हुतीस. मी हितं उंबऱ्यावर बसले हुते."

"जायच्या आदी किसून ठिवलं हुतं मी. चाखायचं राहिलं. माजी चूक. बाईंनी नुसतं तळलं."

"शालू," रखमाजी म्हणाला.

"तुमी गप जेवा."

कस्तुरा तिच्याकडं बघत राहिली. ही खोटं का बोलतेय? चूक सापडायची वाट बघणारी बाई, चूक समोर ताटात पडली असताना स्वतःच्या अंगावर का घेतेय? आणि मग एकेक गोष्ट तिच्यापुढं उलटी होऊन उभी राहिली. फोडणी करपायला झाली, हे शालू म्हणायची ते करपायच्या आधी. दूध नासलं म्हणाली ती चहात ओतायच्या आधी. मीठ टाकलंय म्हणाली ती दुसरी चिमूट उचलताना. वर्षभरात एकही खराब झालेली चीज ताटापर्यंत पोचली नव्हती. शालू सगळ्यांदेखत बोलायची, टोचून बोलायची, पण प्रत्येक वेळी वेळेवर बोलायची. आणि आज सकाळी, बसून राहते म्हणाली होती.

तिनं परात खाली ठेवली.

"शालू लबाड बोलतीय, आबा," ती म्हणाली. "तवशी मी किसली. बुडखा मी चाखला, तिन्हींचा. मला कळलं न्हाई. मला काहीच कळत न्हाई. तापात नाक गेलं ते आलंच न्हाई. जिभेला चव न्हाई. वरीस झालं."

गेणूचा हात पानावरच राहिला. "आक्का, वरीस?"

"वरीस."

"आन् कुनाला सांगितलं न्हाईस?"

"सांगून काय झालं असतं? आत्ता जे हुतंय तेच."

गेणू उठायला लागला. "मग आता कशाला ऱ्हाती हितं? बांध बोचकं."

"बस खाली, गेणबा," आबा म्हणाले. "जेवणावरनं उठू नये." त्यांनी पानातला राहिलेला घारगा तोंडात टाकला, चावून संपवला, पाणी प्यायले. मग कस्तुराकडं वळले. सुनेशी समोरासमोर बोलायची त्यांची पद्धत नव्हती, पण आज बोलले. "पोरी, भात कसा उतरवलास मग?"

"कानानं."

"कानानं म्हंजी?"

तिनं सांगितलं. खदखद, चिखलातलं पाऊल, मुंगळ्याची चाल. सांगताना तिला आपलंच हसू येईल असं वाटलं, पण कुणी हसलं नाही. आबा ऐकत होते, दोर वळताना बोटं चालतात तशी त्यांची बोटं मांडीवर चालत होती.

"आपला ढवळ्या तुला आठवतो का रखमा?" त्यांनी विचारलं.

"एका डोळ्यानं आंधळा."

"डावा डोळा गेला हुता. लोक म्हनलं, इकून टाक. मी काय केलं? त्याला जोडीत उजवीकडं जुपला, म्हंजी आंधळ्या अंगाला पवळ्या. आठ सालं त्या जोडीनं चिखलणी केली. कवा वाकडा फाळ पडला न्हाई. आंधळा हाय हे लपवून जुपला असता, तर पहिल्याच बांधाला पाय मोडला असता." ते थांबले. "लपवायचं न्हाई. एवढंच."

"म्हंजी मी बैल का, आबा?" शालूनं विचारलं.

"तू पवळ्या. तोही लय डुरकायचा."

रखमाजी हसला, आणि मग गेणूलाही हसू आवरलं नाही. कस्तुरानं पदर तोंडाला लावला. तिला हसू येत होतं का रडू, हे तिचं तिलाच नीट कळत नव्हतं.

धोंडाबाई तेवढी हसली नव्हती. ती कस्तुराकडं एकटक बघत होती.

"चव अजाबात न्हाई?" तिनं विचारलं. "मिठाची बी?"

"मिठाची बी न्हाई, आत्याबाई. मीठ घातलं का न्हाई तेच ध्यानात ऱ्हात न्हाई. म्हनून मी सट उलट्या अंगाला ठिवते."

धोंडाबाईचा हात पानावर पालथा पडला. "आमची रतन," ती म्हणाली. रतनबाई म्हणजे तिची मळवलीची सून. "तापातनं उठली, आन् तवाधरनं आमटीत दोन दोन डाव मीठ घालती. न्हाईतर अळणी. म्या म्हनलं, मुद्दाम करती. सासूवर सूड काढती. काल हिकडं निगाले, तवा सुदिक तिच्या म्होरं कालवण वतून दिलं म्या. ती काय बोलली न्हाई. नुसती खाली बगत राहिली."

शालू काहीतरी बोलायला गेली, पण कस्तुरानं मान हलवून तिला थांबवलं.

"मला वाटलं, काय बोलायचं तर बोलावं तिनं," धोंडाबाई म्हणाली. मग जणू दुसऱ्याच कुणाला सांगतेय असं, "दादा, वाफ देवाला आधी पोचली. घारगं मागनं. पहिली वाफ चांगली हुती. मी हुते तितं."

आबांनी मान डोलावली.

चारच्या गाडीला धोंडाबाई निघाली. खरं तर ती दोन दिवस राहणार होती. तिनं फडक्यात नव्याचा भात बांधून घेतला आणि गेणूला म्हणाली, "चल, मला मळवलीला उतरव आन् तू म्होरं जा." गेणू दारात घुटमळला. बहिणीचं बोचकं घ्यायला आलेला माणूस रिकाम्या हातानं जात होता, म्हणून शालूनं त्याला भोपळ्याची उरलेली फाक दिली.

"आक्का, पुढल्या सालाला येऊ का न्यायला?"

"नव्याला ये," कस्तुरा म्हणाली. "जेवायला."

"घारगं असतील का?"

"असतील. तू मात्र आधी चाखून दे."

धोंडाबाई चार पावलं गेली आणि परत फिरली. कस्तुराच्या जवळ येऊन, शालूला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, पण शालूला ऐकू गेलंच, तिनं विचारलं, "ती सटाची खूण कशी करतीस, परत सांग. उलट्या अंगाला?"

"मीठ टाकलं की उलट्या अंगाला. पुन्हा चूल पेटवताना सुलट्या."

"उलट्या अंगाला," धोंडाबाईनं घोकलं आणि गेणूच्या मागं चालू लागली.

बायकांची जेवणं तेव्हा राहिलीच होती. ऊन परसाच्या दारातून आत आलं होतं. दोघी जावा चुलीपाशी समोरासमोर बसल्या, मधे भाताचा टोप. कडू घारग्यांची परात शालूनं आधीच म्हशीपुढं नेऊन ठेवली होती आणि म्हैस खात नाही म्हणून परत आणली होती.

"कवा कळलं तुला?" कस्तुरानं विचारलं.

"चैतात. भात लागला, सगळं घर धुरानं भरलं आन् तुमी शेजारी बसून चवळी निवडत हुता."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलला न्हाई," शालू म्हणाली. "मग मी कशी बोलणार? थोरल्या तुमी." तिनं भात वाढून घेतला. "आन् मला कुटं गोड बोलाया येतं."

कस्तुरानं मिठाचा सट दोघींच्या मधे, शालूच्या हाताला लागेल असा ठेवला. शालूनं तो पाहिला आणि आणखी जवळ ओढून घेतला. कस्तुरानं भाताचा घास कालवला, पण तोंडाकडं नेला नाही.

"शालू, आज वास कसा हुता गं? भाताचा?"

"कसा म्हंजी? भातासारका."

"तसं न्हाई. सांग."

शालू विचारात पडली. असलं काही सांगायची तिच्या जिभेला सवय नव्हती. तिनं टोपाकडं पाहिलं, मग परसाच्या दाराकडं, जिथून खळ्याची वाट वर येते.

"थोरलं भावजी," ती अडखळत म्हणाली, "खळ्यावरनं घरात यायचं नव्हं का, झोडणी झाल्यावर, घोंगडी झटकून... ते आलं की माजघरात यायचा, तसा."

कस्तुरा हातातल्या घासाकडं बघत राहिली. मग तिनं तो तोंडात घातला, आणि या वेळी तो भराभर गिळला नाही.